भाड्याच्या गाडीची पूजा

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात ठरलं आणि तिला दुधनीहून आणायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यानं आत्याला एसटीनं आणणं काही शोभत नाही, असं मला वाटलं. स्वतःची गाडी नव्हती, हा तपशील किरकोळ होता. सोलापुरात रेल्वेतून उतरलो आणि स्वतः चालवायला गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत गेलो. तिथल्या तरुणानं माझं क्रेडिट कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

"अनामत फक्त ब्लॉक होते सर, जात नाही," तो म्हणाला. कार्डाची बरीचशी मर्यादा अशी न जाता गेली.

दुधनीत आत्या दारातच तबक घेऊन उभी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी चाचपडत तिनं बॉनेटवर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली.

"आत्या, गाडी भाड्याची आहे गं."

"मग? बसनारी मानसं बी भाड्याची हायत व्हय?"

आत्याला पुढे बसवलं आणि लिंबावरून गाडी काढली.

तिची लेक जवळच, पण कर्नाटकात दिलेली. महिन्यापूर्वी लेकीला बाळ झालं होतं. "आदी तितं चल," आत्या म्हणाली. "आपरेशन बिघडलं तर बाळाचं तोंड कवा बगू?" गेलो. बाळ मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ त्याच्या तोंडावरून हात फिरवत बसली. शेजारणींनी कानडीत विचारलं, कुणावर गेलंय? आत्या लगेच म्हणाली, आईवर. सगळ्या खूश झाल्या.

आत्याला हॉस्पिटलात बसवून मी गाडी परत केली. आता तरुण माझ्याकडे बघतही नव्हता, तो बॉनेटचे फोटो काढत होता. रिक्षात बसेपर्यंत मोबाइलवर कार्डातून पैसे कापल्याचे मेसेज सुरू झाले. रंगावर रासायनिक डाग, म्हणजे कुंकू. विनापरवाना जोडलेलं साहित्य, म्हणजे लिंबू-मिरची. आणि राज्याची सीमा ओलांडल्याचा दंड. आमच्याकडची माणसं दळण आणायलासुद्धा सीमा ओलांडतात, पण गाडीत बसवलेलं जीपीएस यंत्र फारच देशाभिमानी निघालं. दंडाचे पैसे अनामतीतून वळते करावेत इतका साधा विचार कंपनीला सुचला नव्हता. अनामत तशीच अडकलेली आणि हे पैसे वेगळे गेले.

हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड चाललं नाही. पुन्हा घासलं, पुन्हा नाही. महिनाअखेर होती, खात्यात होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. आत्या मागेच बसली होती.

"चल घरी," ती म्हणाली. "मला म्हातारीला आता काय पेपर वाचायचाय व्हय?"

ती हसत होती. मला मात्र लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. ऑफिसातल्या मित्राला फोन केला, त्यानं काही न विचारता पैसे पाठवले. मग नर्सनं आत्याला ऑपरेशनसाठी आत नेलं. बाहेर बसून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"सर, सीमा ओलांडण्याचं कारण?"

"बाळ बघायला."

"असा पर्याय नाहीये सर. दुसरं काही कारण सांगता का?"

दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली. आत्यानं खोलीभर नजर फिरवली, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "लई वाळलास की रे," ती म्हणाली. मी कंपनीला शिव्या घालायला तोंड उघडणार, तोच तिनं माझा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"तवा मला बाळाचं तोंड दिसलंच न्हाय बग. समद्या इचारत व्हत्या, म्हनून आईवानी म्हनलं. कुनाला सांगू नगंस. आता चल, खरंच कुनावानी हाय ते बगून येऊ."