कॅनोपी नसलेलं विमान

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी बदली माझ्याच जिल्ह्यात झाली. हवाई दलात असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी तेव्हा सार्जंट होतो. नाव मेश्राम, गाव आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. तोवरची बारा वर्षं वाळवंटात आणि आसामात गेली होती. आता तुमसरच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांमध्ये, पडलेल्या युद्धकाळातल्या एका जुन्या धावपट्टीवर क्रॅश क्रूचा प्रमुख म्हणून मला पाठवलं होतं. आई म्हणाली, आता तरी सणाला घरी येशील. मलाही वाटलं, दिवस सुखात जातील.

लोकांना वाटतं, हवाई दलात सगळेच उडतात. मी सगळ्या नोकरीत तीनदा विमानात बसलो, आणि तिन्ही वेळा सामानाच्या पेट्यांवर. विमान उतरताना काही बिघडलं तर धावत जायचं, आग विझवायची आणि वैमानिकाला बाहेर काढायचं, हे माझं काम. काही बिघडलं नाही तर गाडीत बसून घाम गाळायचा. ज्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही तो आमचा उत्तम दिवस.

प्रोपेलरची छोटी ट्रेनर विमानं लांबच्या सरावाला निघत आणि आठवड्यातून दोनदा आमच्याकडे उतरत. सकाळी साडेसहाला रनवे इन्स्पेक्शन. मोठ्या स्टेशनवर ओळीने चालत खडे आणि स्क्रू वेचतात. आम्ही धानाच्या काड्या आणि शेण वेचायचो. गावकऱ्यांना त्या पट्टीएवढी चांगली वाळवणाची जागा पंचक्रोशीत नव्हती. कंट्रोलवरून वैमानिकाला वारा सांगायचा, हवामान सांगायचं आणि शेवटी ‘रनवे क्लिअर ऑफ कॅटल’ सांगायचं. नव्या वैमानिकाला ती थट्टा वाटायची. एकदा म्हैस आडवी आली की मग तो स्वतःहून विचारायचा.

माझ्या हाताखाली केवळराम नावाचा सिव्हिलियन फायर हँड होता. शेजारच्याच गावचा, चाळिशीचा, अंगाने काटक. पहिल्याच दिवशी मी त्याला पट्टीवरचं धान हटवायला लावलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “इथं माहा बाप धान वाळवे, साहेब. तुमी आता इमान उतरवून राहिले.” मग त्याने धान हटवलं. आमचं जमलं.

पट्टीच्या टोकाला सरावासाठी एक बाद विमान दिलेलं होतं. त्याच ट्रेनरच्या जातीचं, पण जोरात आपटून उतरल्यामुळे ‘कॅट ई’ झालेलं, म्हणजे दुरुस्तीपलीकडचं. हवाई दलात विमान मेलं तरी सुटत नाही. आधी त्याचे चांगले अवयव दुसऱ्यांना जातात. आमच्या विमानाचं इंजिन गेलं, घड्याळं गेली, चाकं गेली आणि कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं सरकतं झाकणही गेलं. बाहेरून ते झाकण उघडायचं लाल हँडल डाव्या अंगाला असतं. तेही कुणीतरी काढून त्या जागी पत्रा ठोकला होता.

दर महिन्याला आम्ही त्या सांगाड्याखाली जुनं तेल पेटवायचो. आत गोणपाटाचा पुतळा, तणस म्हणजे धानाचा पेंढा आणि वाळू भरलेला, अंगात जुना ओव्हरऑल. केवळरामने त्याचं नाव ठेवलं होतं तणसेसाहेब. आग विझवणारा फेस मारायचा, डाव्या पंखावर चढायचं, मी पट्टे सोडायचे आणि केवळरामने बगलेत हात घालून ओढायचं. बावन्न सेकंद. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने घड्याळ दोनदा पाहिलं होतं. मला त्या बावन्न सेकंदांचा गर्व होता, हे कबूल करतो.

कॅनोपीसाठी मी तीनदा स्टोअरकडे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, नॉट अव्हेलेबल. चालू विमानांनाच मिळत नाही, मेलेल्याला कुठून देणार? चौथ्यांदा मी पाठवला नाही.

एका वर्षी दिवाळीआधी फ्लाइंग ऑफिसर देवव्रत नायर इंधनासाठी उतरले. पंचविशीचा पोरगेला अधिकारी. चहा घेतला, वाळत घातलेलं चिन्नोर, आमच्याकडचं सुवासिक धान, हातात घेऊन वास घेतला. आमचा सराव बघायला आले तेव्हा केवळरामने ओळख करून दिली, आणि त्यांनी तणसेसाहेबांना कडक सॅल्यूट ठोकून विचारलं की आपल्या दोघांत सीनियर कोण. आम्ही सगळे हसलो. मग सांगाड्याभोवती एक फेरी मारून ते माझ्याजवळ आले.

“सार्जंट, इसकी कॅनोपी कहाँ है?”

“इंडेंट गया है, सर.”

“आ जाएगी,” ते म्हणाले आणि उडून गेले.

महिनाभराने, कापणीचे शेवटचे दिवस होते. सकाळी अकरा चाळीसला कंट्रोलवर आवाज आला, “इंजिन रफ. लँडिंग युअर स्ट्रिप.” आवाज मी ओळखला. गाडी चालूच होती. पट्टी मोकळी होती, ढोरं नव्हती, वारा सरळ होता. सगळं ठीक होतं आणि विमान पट्टीच्या दीडशे यार्ड अलीकडेच बसलं. चाकं बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, अडकून तुटली. विमान पोटावर घसरत आलं, पुढच्या धुऱ्यात नाक घालून थांबलं आणि इंजिनाखालून ज्वाळा निघाली.

आम्ही चाळीस सेकंदांत पोहोचलो. फेस सुटला. मी डाव्या पंखावर चढलो आणि उजवा हात सरळ खाली घातला, पट्ट्याच्या बकलकडे. सरावात दर वेळी घातला होता तसा. हात काचेवर आदळला.

मी पुन्हा घातला. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या दुसऱ्या वेळेची वाटते. समोर बंद काच दिसत होती आणि माझा हात तरी बकल शोधत होता. नायर साहेब शुद्धीवर होते. त्यांनी उतरताना कॅनोपी उघडली असणार, धक्क्याने ती पुढे येऊन अडकली. ते आतून मुठीने मारत होते, मी बाहेरून.

मागून केवळराम म्हणाला, “आपल्या इमानाले तं काच नव्हतीच ना, साहेब.”

तो दोष देत नव्हता. त्याच्या हातांनाही काही सुचत नव्हतं. कुऱ्हाड गाडीवरच क्लिपमध्ये राहिली होती, कारण सरावात ती कधी लागलीच नव्हती. तो तिकडे धावला. मी लाल हँडल आठवलं. ते कुठे असतं हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण हाताला तिथे फक्त पत्रा माहीत होता. सापडलं, ओढलं. चौकट वाकली होती. कॅनोपी चार बोटं सरकली आणि थांबली. त्या फटीतून नायर साहेबांनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं नाही, त्यामुळे माझा एकच हात मोकळा राहिला. कुऱ्हाड आली. काच फोडून त्यांना बाहेर काढलं तेव्हा चार मिनिटं झाली होती. भंडाऱ्याच्या रस्त्यावर, रुग्णालय यायच्या आत ते गेले.

चौकशीत मी सगळं सांगितलं. इंडेंटच्या प्रतीही दिल्या. अहवालात लिहिलं गेलं की क्रू ठरलेल्या वेळेत विमानापर्यंत पोहोचला. ते खरंच होतं. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आमची पट्टीवरची तुकडी बंद झाली. सांगाडा जवळच्या एका गावातल्या चौकात शोभेला द्यायचं ठरलं. तयार करून द्यायचं काम माझ्याकडेच आलं, कारण मी इथला. रंग आला, लाकडी चाकं आली आणि आठव्या दिवशी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली कॅनोपी आली. नवी कोरी. मी स्टोअरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, डिस्प्लेचं काम अर्जंट आहे.

लोक आत चढू नयेत म्हणून ती रिव्हेट मारून कायमची बंद करायचा हुकूम होता. मी मारले. एका बाजूने मी, एका बाजूने केवळराम. नंतर मी डाव्या अंगाचा पत्रा काढला, आत लाल हँडल बसवलं आणि वर बाण रंगवला. त्याला आत काहीच जोडलेलं नाही.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तुमसरकडे गेलो की त्या चौकात उतरतो. केवळराम अजून आहे, तोही येतो. चौथऱ्यावरच्या पाटीवर विमानाच्या पंखांची लांबी आहे, इंजिनाची ताकद आहे, उद्घाटनाच्या पाहुण्यांचं नाव आहे. नायर साहेबांचं नाही. ते विमान त्यांचं नव्हतं, त्यामुळे नियमाने बरोबरच आहे.

मागच्या वेळी केवळराम पाटी बघत उभा राहिला. त्याला वाचता येत नाही. त्याने विचारलं, “त्याहीचं नाव कुठी आहे, साहेब?”

म्हणून इथे लिहितो. फ्लाइंग ऑफिसर देवव्रत नायर, वय पंचवीस. आमच्या पट्टीवर इतके वैमानिक उतरले, कॅनोपी कुठे आहे हे फक्त त्यांनी विचारलं होतं.