दुसरा डोळा

"डोळे पूस आधी. देवावर तुझं पाणी पडतंय."

जयनगरातल्या त्या बंगल्याच्या पायरीवर मी बसले होते. पायरीच्या वर आम्ही यायचं नाही, हे न सांगताच ठरलेलं. पुढ्यात गणपती, हातात ब्रश. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेंगळुरातले पिढीजात मूर्तिकार, घरात मराठी बोलणारे. त्या बंगल्याचा रिवाज असा की मूर्तीचे डोळे चतुर्थीच्या सकाळी त्यांच्याच दारात आखायचे. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, हात थरथरायचा. म्हणून आखणी माझ्याकडे.

दोन महिन्यांपूर्वी माझी लेक गेली होती. तीन वर्षांची. जुलाब-उलट्यांनी, दोन दिवसांत. गणपतीचा उजवा डोळा आखून झाला आणि मला तिचे डोळे आठवले. रडू आवरेना.

डोळे पूस म्हणणारे घरमालक खुर्चीत बसून बघत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"पोरीसाठी रडतेस? त्यानं घडवली, त्यानं मोडली. त्याचा माल, त्याची मर्जी. तू कोण विचारणारी? स्वल्प लाज बाळग."

अप्पा मान हलवत म्हणाले, "सरी अण्णा. बरोबर आहे."

बापाचं ते 'बरोबर' मला जास्त लागलं. नातीला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावला होता तोच.

लहानपणापासून माती मळतेय मी. घडवणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. सोंड तडकली तर आम्ही ओल्या मातीनं सांधतो. मर्जी म्हणून एकही मूर्ती कधी फोडली नाही.

मी विचारलं, "अण्णा, हा गणपती मी घडवलाय. मोडू?"

ते ताडकन उठले. "हात तोडीन! डोळा उघडलाय, आता देव आहे तो!"

"मग माझी लेक कोण होती? मडकं?"

कानाखाली बसली. अण्णांची नव्हे, अप्पांची.

"माफी माग. डोळा पुरा कर."

मी ब्रश धुतला. पिशवीत टाकला. एका डोळ्याचा देव पायरीवर ठेवून निघाले. मागून शिव्या येत होत्या. मी वळले नाही.

मूर्ती आजही करते. पोट त्यावरच आहे. पण डोळ्यांची आखणी करत नाही, गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही. घडवलं म्हणून कुणी मालक होत नाही, घडवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. माझ्या लेकीचा जाब देवानं अजून दिलेला नाही. तोवर माझ्या हातून त्याला डोळे मिळणार नाहीत.