सरांच्या डोक्यावर फोडलेला तारा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि विज्ञानकथांवर बोलणाऱ्यांनी माझ्याहून पुष्कळ वाचलेलं असतं. चुकलं तर माफ करावं. पण कथेत तारा कशासाठी फोडतात, हे मला अनुभवाने कळलं आहे.

नगरला पहिल्या वर्षी मी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी विज्ञानकथा दिली. शेवटी तारा फुटतो, एक जग संपतं. स्फोट लिहिताना मला कर्जतकडचं आमचं रान आठवलं. काढणी लांबली की वाळलेली तूर उन्हात तडकते, दाणे लांब उडतात. तसंच लिहिलं. अंकाचं काम बघणाऱ्या सरांनी तो भाग भर वर्गात वाचला आणि चष्म्याची काडी टेबलावर आपटत म्हणाले, "अहो शास्त्रज्ञ, हा तारा फुटला की तुरीची शेंग? शेवट सुचला नाही की फोडा तारा."

वर्ग हसला. होस्टेलवर माझं नाव 'तूर' पडलं. "काय तूर, शिजलास का आज?" असं मेसमध्ये रोज विचारायचे.

मी भांडलो नाही, मला ते जमत नाही. मी दुसरी कथा लिहिली. तिच्यात एक गुरुजी होते, चष्म्याची काडी आपटणारे, सगळ्यांना 'अहो शास्त्रज्ञ' म्हणणारे. सूर्य फुटणार असं एक मुलगी सांगते, तर ते तिलाच हसतात. मी त्यांना यान दिलं नाही. तळघरही दिलं नाही. तारा फोडणं ही लेखकाची पळवाट, असं म्हणतात. मला उलट वाटतं. तारा फोडला की समोरच्याला पळायला वाट उरत नाही. आणि तो तारा मी मुद्दाम तुरीच्या शेंगेसारखाच तडकवला.

कथा एका दिवाळी अंकात छापून आली. ते पान दुमडून अंक मी सरांच्या केडगावच्या घरी कुरियरने पाठवला. सरांनी स्वतःला ओळखावं, एवढंच हवं होतं. सुट्टीभर वाट पाहिली.

शेवटी सरांच्या शेजारी राहणाऱ्या वर्गमित्राचा फोन आला.

"सरांनी वाचली रं तुझी कथा. लई खूश हायेत. मला बोलावून मोठ्यानं वाचून दाखवली."

"आणि त्यातले गुरुजी?"

"ते तर लईच आवडले त्यांना. म्हणाले, आपल्या प्राचार्यांना पोरानं बरोबर पकडलंय. आन् हे सांगताना चष्म्याची काडी आपटत हुते."