निघत्या गाडीला विचारू नये

माणूस घराबाहेर निघाला की त्याला ‘कुठी चालला?’ असं विचारलं तर काऊन चालत नाई? लहानपणापासून मी हे ज्याला त्याला विचारत आलो. मायला विचारलं, ती म्हणाली, ‘‘गप बस.’’ मास्तरांना विचारलं, त्यांनी अंगठे धरायला लावले. दुसरीतच शाळा सुटली, तिचं एक कारण हेही असेल. मोठा झालो, आलापल्लीजवळच्या लाकडाच्या डेपोत कामाला लागलो. तिथंही तेच. उत्तर कोणीच दिलं नाही.

डेपोत किस्से साचतात ते सागाच्या पाल्यासारखे. आज झाडून काढा, उद्या सकाळी पुन्हा तितकेच! कोणाचा पाय घसरला, कोणाला अस्वल आडवं गेलं, की संध्याकाळच्या शेकोटीला किस्सा तयार. माझ्याजवळचे मात्र सगळे या एका सवालाभोवतीच फिरतात. आणि मला आता एका जागी बसून सांगताही येत नाही. मधेच उठतो, एक चक्कर मारतो, पुन्हा येऊन सांगतो. चालवून घ्या.

* * *

माझा मोठा भाऊ मारोती त्या डेपोत ड्रायव्हर होता. मी त्याला दादा म्हणे. त्यानंच मला ओंडक्यांच्या थप्प्या लावायच्या कामावर लावलं.

गाड्या म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात विकलेल्या जुन्या लॉऱ्या. हँडल मारून मारून दोन माणसं घामाघूम व्हायची, तेव्हा कुठं एखादी खोकलत सुरू होई. मग ती रिकामी गाडी कुपात जाई, म्हणजे जंगलात जिथं झाडतोड चालू असेल तिथं. संध्याकाळी लाकूड भरून परत.

माझा पहिलाच दिवस. रहीमचाचा हा डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. घर चांद्याला, पण पावसाळा सोडला तर मुक्काम गाडीतच. त्याची गाडी एकदाची सुरू झाली. मी बाजूलाच उभा. सहज विचारलं, ‘‘चाचा, कुठी चालले?’’

हँडल मारणाऱ्यांनी कपाळाला हात लावला!

चाच्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरला. चपला काढल्या, तोंड धुतलं, पाणी प्याला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मोहाच्या झाडाखाली तोंडावर दुपट्टा घेऊन सरळ आडवा झाला. ऊन चढल्यावर उठला. जणू आत्ताच उजाडलं अशा तोंडानं म्हणाला, ‘‘चला, मारा हँडल.’’

तोवर हमाल आरामात बिड्या ओढत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुकादम नथ्थूभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या मायेनं म्हणाला, ‘‘बाप्पा, आज लय मोठे ओंडके हायेत. जाय ना, चाच्याले विचार!’’

गेलो. चाच्याकडून दोन थपडा मिळाल्या, आणि नथ्थूभाऊकडून एक बिडी.

* * *

चाच्याची गंमत पाहा. अहेरीचा बाजार होता, दोरखंड आणायचे होते, म्हणून मीही त्याच्या गाडीत बसलो. वाटेत नव्या जमादारानं गाडी अडवली.

‘‘कुठे चालला?’’

‘‘आलो, साब.’’

‘‘आलास ते दिसते मला. चालला कुठे?’’

‘‘येतो, साब.’’

‘‘अरे, येतो काय? जातो कुठे ते बोल!’’

चाच्यानं दोन्ही कान धरले. ‘‘तोबा! तसं नाई बोलत आमी.’’

जमादाराला वाटलं, नक्की चोरीचा माल. गाडीत शोधलं, तर एक मी आणि एक फाटकी ताडपत्री. आम्हाला दिवसभर चौकीवर बसवून ठेवलं. उन्हं उतरल्यावर मोठे साहेब आले. त्यांनी जरा समजुतीनं विचारलं, ‘‘बाबा, कुठं निघाला होता तुम्ही?’’

चाचा टुणकन उभा राहिला. ‘‘अहेरीच्या बाजारात, साब! दोरखंड आनाले!’’

‘‘मग हे सकाळी का नाही सांगितलं?’’

‘‘सकाळी बाजार भरला होता. आता उठला. आता सांगाले काई हरकत नाई!’’

* * *

दादाचं लग्न झालं आणि वैनी डेपोमागच्या झोपडीत राहायला आली. आल्याआल्या बायांनी तिला बजावलं, गाड्या निघाल्याशिवाय पाण्याची रिकामी गुंडी घेऊन बाहेर पडायचं नाही. निघत्या गाडीला रिकामं भांडं दिसू नये.

गाड्या निघेपर्यंत विहिरीवर ऊन यायचं. वैनीनं काही दिवस सोसलं. मग एका सकाळी गुंडी आणून सरळ फाटकाच्या मधोमध ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘बाई, बाजूले व्हा! रिकामी हाये ते!’’ सगळे ओरडले.

‘‘रिकामी हाये म्हनूनच तं भराले चालली. तुमाले चालत नसन, तं तुमी भरून आना.’’

सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. दादा घाईघाईनं रेडिएटरमध्ये डोकं घालून पाणी तपासायला लागला! शेवटी चाचा उतरला, विहिरीवर गेला आणि गुंडी भरून स्वतः झोपडीत नेऊन ठेवली. तेव्हापासून गाड्या निघायच्या आधी कोणीतरी मुकाट्यानं वैनीचं पाणी भरून देई.

वैनी एकदा हळूच मला म्हणाली, ‘‘भाऊजी, अशे अपशकुन अजून दोन-चार पाह्यजेत. सरपन बाकी हाये.’’

* * *

उन्हाळ्यातला हा किस्सा दादाचा. कुपात गाड्या भरणं चालू होतं. पाणी असं गरम, की प्यावं वाटेना. दादानं कुठून तरी लिंबू आणून, पिळून, साखर टाकून सगळ्यांना सरबत दिलं. चाचा दोन गिलास प्याला, मिशा पुसल्या.

‘‘वा! लिंबू कुठचे हायेत मारोती?’’

‘‘तुमच्याच गाडीचे, चाचा. समोर लटकून होते ते.’’

चाच्यानं गिलासाकडं पाहिलं. गाडीकडं पाहिलं. तिच्या नाकावर नुसता दोरा लोंबत होता. सगळ्यांनी आपापले गिलास खाली ठेवले.

‘‘जरा मीठ पाह्यजे होतं,’’ चाचा म्हणाला.

गाडी संध्याकाळी सुखरूप डेपोत आली. त्यानंतर चाच्यानं गाडीला लिंबू कधी बांधलं नाही. कोणी विचारलं तर सांगे, ‘‘महाग झाले बे!’’

त्याच रात्री जेवताना मी दादाला धरलं. ‘‘लिंबू तू पिऊन टाकलं. वैनीच्या गुंडीचा तुले राग नाई. मग सकाळी निघताना कुठी चालला, एवढं सांगाले काय होते?’’

दादा डोकं खाजवायला लागला. ‘‘ते वेगळं हाये.’’

‘‘काय वेगळं?’’

‘‘ते मायपासून हाये ना बे. बाबा निघाले का माय तोंडाले पदर लावे, सवाल निघू नये म्हनून. तुले आठवत नसन.’’

बाकी सगळं त्यानं हसत हसत सोडलं होतं. हे एक राहिलं.

* * *

आता सांगतो तो किस्सा नाही. पण हा वगळून मला पुढं जाता येत नाही.

डेपोचा कारभार पाहणारे दिवाणजी चांद्याला गेले होते. ते नसले की कोणी कोणत्या कुपात जायचं, हे ड्रायव्हर आपसात न बोलता आपल्या मनानं ठरवत. त्या वेळी दोन कूप चालू होते, एक डोंगराकडं, एक नदीकडं. दादाचा क्लीनर तापानं पडलेला, म्हणून तो एकटाच निघाला. गाडी सुरू झाली. मी थप्पीवर उभा होतो. तोंडातून गेलंच, ‘‘दादा, कुठी चालला?’’

त्यानं इंजिन बंद केलं. उतरला. तांब्याभर पाणी प्याला, फाटकाजवळच्या ओंडक्यावर बसला. सालीचा एक तुकडा उचलून मला फेकून मारला. ‘‘तुह्या तोंडाले कुलूपच लावाले पाह्यजे!’’ हसत होता. मग उठला, ‘‘येतो,’’ म्हणाला आणि निघाला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फाटकापुढं वळण आहे, त्यापुढं साग दाट. गाडी कोणत्या फाट्याला लागली, ते थप्पीवरून दिसलं नाही.

संध्याकाळी सगळ्या गाड्या आल्या. दादाची नाही. चाचा म्हणाला, ‘‘चांगलं लाकूड डोंगराकडं हाये, तो तिकडंच गेला असन.’’ सगळे कंदील घेऊन डोंगराकडं गेलो. मी पुढं पळत होतो, हाका मारत होतो. उजाडलं तेव्हा पूर्ण रस्ता पालथा घातला होता.

दादा नदीकडं होता. नाल्याच्या उतारावर गाडी उलटली आणि तो तिच्याखाली दबला. मासे धरायला आलेला एक माडिया माणूस त्याच्याजवळ जाळ करून बसून राहिला होता. भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी पाजत होता. सकाळी तोच डेपोत सांगायला आला. नथ्थूभाऊला त्याची भाषा थोडी येते. त्यानं विचारून विचारून आम्हाला सांगितलं, की दादा पहाटेपर्यंत होता आणि सारखा काहीतरी बोलत होता.

‘‘काय बोलत होता?’’ मी त्या माणसाचे खांदे धरून हलवले. ‘‘काय बोलत होता?’’

त्यानं तुंबा माझ्यापुढं धरला. त्याला मराठी येत नव्हती.

* * *

तेरवीच्या पंगतीत कोणीतरी हळूच म्हणालं, ‘‘पोट्ट्यानं टोकलं ना, निघताना.’’ दोघातिघांनी मान हलवली. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही.

वैनी आतल्या दारात बसली होती. ती तिथूनच बोलली, आवाज न चढवता. ‘‘भाऊजीनं विचारलं म्हनून नाई गेले ते. त्यायनं सांगतलं नाई म्हनून गेले. जेवा आता.’’

पंगत खाली मान घालून जेवली.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मी फाटकात उभा राहायला लागलो. जी गाडी निघेल तिला विचारायचं, ‘‘कुठी चालले?’’

इंजिन बंद! ड्रायव्हर खाली! पाणी, गूळ, मोहाची सावली! पुन्हा हँडल, पुन्हा मी. दुपारपर्यंत एक गाडी हलेना. मला शिव्या दिल्या, ढकललं, एकानं पाना उगारला. मी पुन्हा विचारलं. हमालांना एवढा आराम जन्मात मिळाला नव्हता. शेवटी नथ्थूभाऊ हात जोडत आला, ‘‘बाप्पा, बिड्याचा पुडा देतो. पन आता नको विचारू!’’

चाच्यानं मग एक युक्ती काढली. भल्या पहाटे हँडल न मारता, चार हमाल लावून गाडी ढकलत ढकलत फाटकाबाहेर काढली. वळणाच्या उतारावर ती आपोआप सुरू झाली. चाच्यानं लांब श्वास सोडला, ‘‘सुटलो!’’

मागच्या फळ्यांवरून मी उठून उभा राहिलो. ‘‘चाचा, कुठी चालले?’’

गाडी जागेवर थांबली. आता मार बसतो, असं मला वाटलं. पण चाचा उतरलाच नाही. मी खिडकीशी गेलो. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं.

‘‘बेटा,’’ तो म्हणाला, ‘‘तू आला तेव्हापासून सांगाचं म्हनून राह्यलो. जीभ उचलतच नाई.’’

मी चालत परत आलो.

* * *

दिवाणजी आले आणि त्यांनी माझं काम बंद केलं. त्यांचंही बरोबर, गाड्याच निघत नव्हत्या. वैनीला ब्रह्मपुरीकडं तिच्या माहेरी पोचवायचं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोचकी घेऊन फाटकाशी उभे राहिलो. बंडीवाला बैल जुंपत होता. वैनीच्या हातात तिची गुंडी, वाटेसाठी भरलेली. आज कोणाला काही विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

गाड्या सुरू झाल्या. पहिली चाच्याची. फाटकात आली आणि थांबली. इंजिन चालू. चाच्यानं हॉर्न वाजवला. मी बोचक्याची गाठ घट्ट करत बसलो. पुन्हा हॉर्न. मग खिडकीतून डोकं बाहेर आलं.

‘‘अबे, विचार ना!’’

‘‘काय?’’

‘‘रोज विचारते तेच! पेट्रोल जळून राह्यलं इथी!’’

मी विचारलं.

चाच्यानं डोळे मिटले. खड्या उतारावर धरावं तसं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. ‘‘नदीकडच्या कुपात,’’ तो म्हणाला. ‘‘सांजेले येतो. नाई आलो, तं तिकडंच पाहा.’’ आणि गाडी अशी काही सोडली, की मला उडी मारून बाजूला व्हावं लागलं!

मागं दुसरी गाडी थांबलेली होती. तिच्यामागं तिसरी. मी विचारत गेलो. एक जण ओरडून बोलला. एक जण इतका पुटपुटला, की मला खिडकीवर चढावं लागलं. एक जण खाली उतरला, मला गाडीपासून लांब नेलं आणि गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानात सांगितलं!

सगळ्यात शेवटी दादाची गाडी होती. दुरुस्त झालेली, टपाचा पोचा मात्र तसाच. तिच्यावर सिरोंच्याकडचा नवा ड्रायव्हर, कालच आलेला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

‘‘भाऊ, कुठी चालला?’’

त्याचा चेहरा उतरला. त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून पाणी मागितलं. वैनीनं गुंडी वाकवून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो फाटकाजवळच्या त्याच ओंडक्यावर जाऊन बसला. बंडीवाला आम्हाला हाका मारत होता. मी त्या ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो. त्याला हातातोंडाचं पाणी पुसू दिलं.

मग पुन्हा विचारलं.