तुमच्या घरी काय बसवलंय?

काचेच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साचतात. एक तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते चहाला आलेल्या माणसाच्या पदरात टाकावे लागतात. आज तुम्ही सापडलात!

माझं सातपूरला अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान. शिक्षण जेमतेम, पण खिडकीची ऑर्डर ऐकली की घरात कोणाचं कोणाशी पटत नाही ते सांगतो. नव्वदीच्या सुमारास नाशकात लाकडी चौकटी मागे पडल्या आणि 'फिक्स'ची हवा आली. फिक्स म्हणजे न उघडणारी खिडकी. चौकटीत काच ठेवली, कडेनं रबर दाबलं, विषय संपला. धूळ नाही, डास नाही, कडी नाही, बिजागरी नाही. "जी उघडतच नाही ती बिघडेल कशी?" हे माझं ठरलेलं वाक्य. या एका वाक्यावर मी अर्धा गंगापूर रोड बंद केला!

दुकानात माझ्याखेरीज खरा माणूस म्हणजे युसूफभाई. काच कापायचं काम त्यांचं. बोलणं कमी आणि हात साफ.

गिऱ्हाईक लहान असो की मोठं, सगळं ऐकून झाल्यावर शेवटी एकच प्रश्न विचारायचं, "शेठ, तुमच्या घरी काय बसवलंय?"

आणि घोडं पेंड खायचं ते तिथंच.

*

आमचं रो-हाउस नुकतंच बांधून होत आलं होतं. मी ठरवलं, सगळ्या खिडक्या फिक्स. घर हाच नमुना, गिऱ्हाईक आणायचं आणि दाखवायचं. बायकोला, सुनंदाला, सगळं पटलं. फक्त म्हणाली, "स्वयंपाकघराची तेवढी उघडणारी ठेवा."

"धुराला एक्झॉस्ट फॅन देतो ना."

"धुराचं कोण बोलतंय? देवरेवहिनींचं काय?"

देवरेवहिनी म्हणजे शेजारच्या रो-हाउसच्या मालकीणबाई. मूळच्या सटाण्याकडच्या. भाड्याच्या घरात असल्यापासून दोघींची मैत्री, म्हणून तर घरं शेजारी शेजारी घेतली. मध्ये अरुंद बोळ आणि दोन स्वयंपाकघरं समोरासमोर. जुन्या घरी आमच्याकडचं निम्मं जेवण खिडकीतून यायचं. इकडून आमटीची वाटी गेली की तिकडून भरताची यायची.

मी म्हटलं, "मग दारानं जा की!"

"दारानं गेलं की पाहुणी होते. तिला चहा टाकावा लागतो, मला बसावं लागतं. खिडकीतून नुसती वाटी जाते."

मुद्दा बिनतोड होता, पण धंदा म्हणजे धंदा. "नमुन्याच्या घरात एक खिडकी उघडी सापडली तर गिऱ्हाईक जाईल," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं."

काच बसली. आठवडाभर आमच्याकडे नुसता वरण-भात होता!

*

गंगापूर रोडला एका डॉक्टरांचा दवाखाना होता, अगदी रस्त्याला लागून. ते कातावले होते. "शेठ, मी पेशंटची छाती ऐकायची की टेम्पोची?"

पुढच्या सगळ्या खिडक्या फिक्स केल्या. रस्ता असा गप्प झाला की डॉक्टरांनी स्वतः पेढे पाठवले.

चार दिवसांनी फोन आला. "फार शांत झालंय हो."

"मग चांगलंच की, डॉक्टरसाहेब!"

"कसलं चांगलं? मी आत पेशंटला विचारतो, पोट साफ होतं का? तर बाहेरच्या बाकावरून त्याचा शेजारी ओरडतो, 'नाही होत डॉक्टर, रोज तासभर आत बसतो! आम्ही डबे घेऊन बाहेर उभे!'"

मग डॉक्टरच हळू आवाजात म्हणाले, "थोडा रस्ता आत सोडता येईल का?"

*

पंचवटीत एका ओळखीच्या माणसाचं लॉज होतं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नान करून आलेले यात्रेकरू ओली धोतरं, लुगडी खिडकीतून खाली सोडायचे. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, हे लॉज नसून परिटाचं दुकान आहे. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर थेंब पडायचे. त्याला तीर्थ समजून कोणी हात जोडायचं, कोणी आईवरून शिव्या द्यायचं.

मालक म्हणाले, "पुढच्या सगळ्या फिक्स करून टाका. बघू आता कुठून लोंबवतात!"

काम झालं. इमारत अशी चकचकीत दिसायला लागली की मी मुद्दाम लोकांना तिकडून घेऊन जायचो. एकदा असाच एका गिऱ्हाइकाला दाखवायला नेलं. मालक जिन्यात डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "वर जाऊन बघा."

वर गेलो. खोलीचं दार उघडं. छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांना एकेक लुगडं बांधलेलं आणि पंखा एक नंबरवर! खाली चार म्हाताऱ्या भिंतीला टेकून निवांत शेंगा खात बसलेल्या. लुगडं जवळ आलं की चौघी एकदम मान खाली घालायच्या. गेलं की पुन्हा शेंगा.

आमचं गिऱ्हाईक दारातच खाली वाकलं. मागून मालक म्हणाले, "शेठ, आता पंखे पण फिक्स करून द्या!"

*

सातपूरच्याच एका कारखान्यात एक सुपरवायझर होते. कडक माणूस. त्यांना केबिनला फिक्स काच हवी होती, पण आरशासारखी. "मला कामगार दिसले पाहिजेत, पण कामगारांना मी दिसता कामा नये."

मी सांगितलं, "साहेब, ही काच उजेडाचं ऐकते. ज्या बाजूला उजेड जास्त, तिकडून आरसा. अंधाराकडून आरपार."

"ते मला शिकवू नका," साहेब म्हणाले. नाही शिकवलं. काच लावून आलो.

आता झालं असं की शेडमध्ये अंधुक आणि केबिनमध्ये ट्यूबलाइटा लखलखीत. साहेब काचेकडे बघायचे तर त्यांना दिसायचे फक्त साहेब. दिवसभर भांग सरळ करायचे, मिशा बघायचे. आणि शेडमधल्या सगळ्यांना साहेब सिनेमासारखे दिसायचे! दुपारचा डबा खाल्ला की खुर्चीतच डोळे मिटायचे, तेही. एक दिवस मोठे साहेब राउंडला निघाले, तेव्हा एका फिटरनंच येऊन काचेवर टकटक केलं. "उठा साहेब, आले!"

त्याच संध्याकाळी मला बोलावणं. "काच उलटी बसवली तुम्ही. फिरवून द्या."

"फिरवून उपयोग नाही साहेब. ट्यूबा बंद ठेवा, सगळं बरोबर दिसेल."

साहेबांनी मान हलवली. "ते नाही जमणार. अंधार झाला की मला जास्तच झोप येते!"

*

त्या काळात नाशकात कोपऱ्याकोपऱ्यावर पतसंस्था निघत होत्या. एका पतसंस्थेला कॅशियरपुढे फिक्स काच हवी होती, खाली नेहमीचं अर्धगोल भोक ठेवून. भोक केवढं ठेवायचं? चेअरमन म्हणाले, "नोट जाईल, हात जाणार नाही एवढं."

युसूफभाईंनी कापून दिलं. पण काच एवढी घट्ट बसली की आवाजही फक्त त्या भोकातूनच जायचा. बाहेरचा माणूस वाकून भोकाला तोंड लावायचा, आतला कॅशियर वाकून भोकाला कान लावायचा. येणाऱ्या प्रत्येकापुढे कॅशियर कमरेतून वाकतोय! मखमलाबादचा एक फुलवाला चेअरमनना सांगून गेला, "तुमच्या पोराची मान लय ताठ हाय म्हनून मी खातं बंद करनार हुतो. आता नाय करत!"

चेअरमन खूश. कॅशियरची मात्र पाठ धरली. त्यानंच शेवटी मोठ्या भोकाची काच मागवली, बोलताही येईल आणि हातही जाईल अशी.

मी संध्याकाळी बघतो तर युसूफभाईंनी तशा दोन काचा कापून ठेवलेल्या.

"दोन कशाला?"

"एक फुटली तर, शेठ?"

मी त्यांची पाठ थोपटली. एवढा पुढचा विचार करणारा माणूस मिळत नाही!

*

आता शेवटचं सांगतो, मग चहा घ्या.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, नाना. मोठा बंगला बांधायला काढला होता. हॉल, जिना, गच्चीवरची खोली, सगळीकडे फिक्स टाकायचं मनात होतं. एवढी काच एका घराला मी तोवर कधी दिली नव्हती. नानांचं मन वळलं होतं. अडून बसल्या होत्या त्यांच्या मंडळी, अक्का.

"आवो, बंद खिडकीत जीव कोंडंल मानसाचा," दुकानात त्या म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "शेठ, तुमच्या घरी काय बसवलंय?"

याच प्रश्नासाठी मी घर बांधलं होतं! "चला, दाखवतोच. आमच्या घरात माशी आली तरी दारानं येते, बेल वाजवून!"

दोघांना गाडीत घालून घरी आणलं. हॉल दाखवला, वरची खोली दाखवली. नानांनी काचेवर टिचकी मारून बघितली. "लय भारी हाय!"

अक्का म्हणाल्या, "सैपाकघर कुठाय?"

खरं सांगतो, स्वयंपाकघरात माझं जाणं फारसं नव्हतं. ताट बाहेर टेबलावर यायचं. हां, अलीकडे ताटात भरीत पुन्हा दिसायला लागलं होतं. पण समोर आलेलं जेवावं, चौकशा करू नयेत, हे मी धंद्यात शिकलो होतो.

आत गेलो. सुनंदा ओट्यापाशी होती. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला नवा फुलाफुलांचा पडदा होता. मी वरच्या काचेवर हात ठेवला आणि आवाज चढवला, "बघा अक्का! इकडचा वारा तिकडे जात नाही!"

तेवढ्यात पडदा हलला.

पडद्याखालून बांगड्या भरलेला एक हात आत आला. हातात वाटी. वाटीतून वाफ.

"धरा वहिनी, गरम शे!"

सुनंदानं वाटी धरली. कालची वाटी घासून ठेवलेली होती. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून तिच्यात दोन लाडू ठेवले आणि ती त्या हातात दिली. हात गेला. पडदा पडला.

स्वयंपाकघरात भरताचा घमघमाट सुटला.

मी पडदा बाजूला केला. काचेला अर्धगोल भोक. कडा अशा घासलेल्या की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरावं. युसूफभाईंचा हात मी ओळखला.

नाना म्हणाले, "शेठ, तुमची माशी लय मोठी हाय. आन् बेल नाय वाजिवली!"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "यांच्याच दुकानातलं आहे. पतसंस्थेचं मॉडेल."

माझ्या डोळ्यांसमोर हॉल, जिना, गच्चीची खोली, सगळी ऑर्डर त्या भोकातून बोळात चालली होती.

अक्का मात्र पुढे झाल्या. वाकल्या. त्या भोकातून हात बाहेर घातला, आत घेतला. ओट्यावरची वाटी उचलून आतबाहेर करून बघितली. मग कंबर सरळ करून मला म्हणाल्या, "टाका सगळ्या काचा बंद. माझं काय म्हननं नाय. पन असलं मला दोन पायजेल. एक शेजारनीकडं."

"आणि दुसरं?"

"सासूबाईंच्या खोलीला."

मी खिशातून पेन्सिल काढली. अक्कांनी नानांकडे एकदा बघितलं आणि माझ्याजवळ सरकून आवाज खाली आणला.

"त्या दुसऱ्याला झाकन करा. आमच्या बाजूनं!"