मावशीने शिवलेलं हँडल

आमच्या काकांचं सलून आणि मावशीचं शिवणकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. कात्री दोघांचीही दिवसभर चालते, जीभ मात्र मावशीची जास्त. वर्षातून एकदा दोन्ही शटर खाली ओढून दोघं नवरा-बायको सायकलींवर लांब भटकायला निघतात. तेवढीच त्यांची चैन.

गेल्या सहलीहून काका परतले ते उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर करूनच. केस कापणाऱ्याचं पोट बोटांवर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "हँडलवर तळवा दाबला जातोय. ते सुधारा, नाहीतर सायकल सोडा."

मावशी लगेच कामाला लागली. कोटाच्या खांद्यात घालतात तो फोम तिने हँडलला गुंडाळला, वर मऊ कापड चढवून बारीक टाके घातले. टोचतंय तिथे अस्तर घाला, हे तिचं साधं शास्त्र. हँडलने चांगलं बाळसं धरलं. काकांनी हात ठेवला आणि म्हणाले, "वा! गादीच की गं ही."

साफ खोटं. सरावाला जाऊन आले की बोटं आणखी बधिर व्हायची. पण बायकोने इतक्या मायेने शिवलेलं, तिला सांगणार कसं? प्रेमापायी हा माणूस आपला हात गमावायला निघाला होता. मला त्यांचा रागही यायचा आणि भरूनही यायचं.

मग एकदा गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. आरडाओरडा ऐकून मावशी धावत आली. गिऱ्हाइकाला पट्टी लावून झाल्यावर तिने विचारलं, "खरं सांगा, बोटं कशी आहेत?"

काका फरशीकडे बघत म्हणाले, "जास्तच."

मावशीने त्यांना सायकलसकट दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो जरा चाचरतच म्हणाला, "ताई, शिवलंय झकास. पण जाड झालंय. मूठ नीट मिटत नाही, म्हणून ते जास्त आवळतात."

मावशीने तिथेच टाके उसवायला घेतले.

"अगं, राहू दे," काका कळवळले.

"गप्प बसा. मला तुमचा हात हवाय, माझी शिलाई नको."

मग हँडलच्या ग्रिपची खरी निवड सुरू झाली. काकांना सगळ्यात मऊ ग्रिप आवडली. मावशीने ती अंगठ्याने दाबली. "ही खाली बसते. हिच्यात तळवा रुतेल. नको." शेवटी मागे चपटी, रुंद आणि जरा कडक ग्रिप ठरली. पकड बदलता यावी म्हणून दोन्ही टोकांना शिंगांसारखे छोटे दांडेही बसवले.

डॉक्टरांनी सांगितली तेवढी विश्रांती झाली. काका "बरं वाटतंय" म्हणायचे, पण मावशीचा त्यांच्या शब्दावर आता काडीचा विश्वास नव्हता.

यंदा मीही सोबत गेलो. दिवसभर सायकल चालवून एका चढावर थांबलो, तेव्हा मावशीने काकांची करंगळी हातात घेतली आणि नखाने करकचून चिमटा काढला.

"आई गं! वेड लागलंय का तुला?"

मावशीने ती करंगळी गालाशी धरली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"अगं," काका हळूच म्हणाले, "दुखलं की मला!"