अप्पांच्या जुन्या वायरी निघाल्या तेव्हाची चार मिनिटं

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार आपोआप फिरली असं कुणी सांगितलं तर मी आधी टेस्टर काढतो. या ग्रुपवरचे असले अनुभव बायकोला वाचून दाखवत मी पोट धरून हसलेलो आहे... आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

माझे वडील, अप्पा, दुधनीत तुरीची आडत चालवतात. वय बहात्तर. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं आतलं वायरिंग बंद पडलं आणि पेसमेकर बसला. डाव्या खांद्याखाली बॅटरी, आणि तिथून शिरेतून हृदयात गेलेल्या दोन वायरी — डॉक्टर त्यांना लीड म्हणतात. दर तपासणीला मशीनचा वेग कमी करत नेऊन बघायचे, हृदय स्वतःहून चालतंय का. दरवेळी सरळ रेघ.

गेल्या वर्षी बॅटरी बदलली आणि ती जागा पिकली. आम्ही हळद लावली, मलम लावलं, गोळ्या दिल्या, दोनदा साफ करून टाके घालून घेतले. वायरींना मात्र हात लावू द्यायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, कारण जुनी वायर ओढली की हृदय फाटतं असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. शहाणपणात मीच पुढे होतो, हे कबूल करतो. शेवटी अप्पांना हुडहुडी भरून ताप यायला लागला, तेव्हा सोलापुरात आणलं.

पुण्याहून येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी माझी चांगलीच हजेरी घेतली. वायरी आत असेपर्यंत इन्फेक्शन जाणार नाही आणि ते रक्तात पसरलं तर अप्पा हाती लागणार नाहीत. चौदा वर्षांत वायरी शिरेला चिकटून बसलेल्या, म्हणून त्यांच्यावरून नळी सरकवत चिकटलेला भाग सोडवायचा. शीर फाटायचा धोका असतो, पण सरावाच्या हातात तो कमी, आणि ऑपरेशनवाली टीम बाहेर तयार उभी ठेवतात. "काढण्यापेक्षा ठेवण्यात धोका जास्त आहे," त्या म्हणाल्या. मी सही केली.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असतं, ते कधी अंगावेगळं करत नाहीत. माझं कपाटात पडलेलं, त्यावरून आमचं कायम वाजतं. आत नेताना सिस्टरनी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं आणि अप्पा अडून बसले. दहा मिनिटं समजावणं झालं. मग त्यांनी स्वतःच दोरा सोडला आणि करंडा अव्वाच्या — माझ्या आईच्या — हाती न देता माझ्या डाव्या तळहातावर ठेवला.

"खाली ठेवायचं न्हाय. खिशात बी घालायचं न्हाय. मी भाईर येईपत्तोर हातात धर."

मी बरं म्हटलं. आत चाललेल्या माणसाशी काय वाद घालायचा.

अव्वा आणि मी बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ. बारा वाजून दहा मिनिटांनी करंड्याला आतून ठोका लागला. मग दुसरा. सावकाश, एका लयीत.

मला वाटलं, माझीच नाडी. दुसऱ्या हातानं मानेवरची नाडी धरली, तर ती सुसाट पळत होती. हातातला ठोका वेगळाच, कितीतरी संथ. एसीची मोटार असेल म्हणून बाकावर हात ठेवला, भिंतीवर ठेवला. काही नाही. करंडा उजव्या हातात घेतला, तरी तेच. शेवटी घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. अव्वा विचारत होती, ओठ काय हलवतोस? मी म्हटलं, अडतीस. कसले अडतीस, तिला सांगितलं नाही.

बारा चौदाला ठोका थांबला... एकदम. खरं सांगतो, मला वाटलं अप्पा गेले. अव्वाकडे बघायची हिंमत झाली नाही. पाऊण तास मी मूठ आवळून बसलो आणि ज्याला कधी हात जोडले नाहीत त्याची विनवणी करत राहिलो.

दार उघडलं आणि मॅडम हसत बाहेर आल्या. दोन्ही लीड अख्ख्या निघाल्या होत्या, शीर शाबूत, अप्पा सुखरूप. मी भर कॉरिडॉरमध्ये रडलो. मग त्या म्हणाल्या, "जुन्या वायरी काढताना हृदय चालतं ठेवायला घातलेली आमची तात्पुरती वायर मधेच सरकली. छातीवरच्या पॅडमधून ठोके द्यायला बटणावर हात ठेवला, तेवढ्यात यांचं हृदय स्वतःच चालू झालं. आम्ही वायर नीट बसवेपर्यंत चाललं, चारेक मिनिटं."

मी विचारलं, किती वाजता? मिनिटाला किती ठोके? त्यांनी कागदाची पट्टी मागवून बघितली. बारा दहा. अडतीस.

अव्वानं माझी मूठ उलगडून करंड्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी हॉस्पिटलची खिचडी परत पाठवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागितली. पू थांबला, ताप गेला, काही दिवसांनी उजव्या बाजूला नवा पेसमेकर बसला. मी अख्ख्या बोळात पेढे वाटले. वायरीला हात लावू नका म्हणणाऱ्यांना तर घरी जाऊन दिले.

बंद हृदय क्वचित असं जागं होतं, असं मॅडम म्हणतात. मान्य. पण माझ्या हातात काय वाजत होतं? करंडा मी उघडून, हलवून, कानाला लावून बघितला आहे.

परवा तपासणीत मशीनचा वेग कमी केला. पुन्हा सरळ रेघ, एक ठोका नाही. त्या दिवशी चाललेलं हृदय आज का चालत नाही, असं मीच मॅडमना विचारत होतो, तर टेबलावरून अप्पा म्हणाले, "आज मशीन हाय की. त्या दिवशी कोनीच नव्हतं, म्हनून उठलं."

आणि सौद्याची वेळ झाली म्हणून सदऱ्याची बटणं लावायला लागले.